पाळलेल्या सशाचं वजन: बेळगाव-खानापूर-निपाणी भागातला चारा धरून

तराजू_काटा
सशांबद्दलचे इथले बहुतेक प्रश्न फिरून वजनावरच येतात. टाचा सोलल्या, बुडाला घाण चिकटते, उन्हाळ्यात धापा टाकतो, या सगळ्याच्या मुळाशी अर्ध्या वेळा जास्तीचं वजन असतं. म्हणून वेगळा धागा काढतोय. कौतुकाचे फोटो नकोत, आकडे आणि चारा यावर बोलूया.

जातीचे तक्ते आधी बाजूला ठेवा. नेदरलँड ड्वार्फ १ किलोच्या आसपास, डच २ ते २.५, न्यूझीलंड व्हाइट ४ ते ५ किलो, हे खरं आहे. पण आपल्याकडे बाजारात मिळणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा बहुधा मिश्र असतो. पूर्ण वाढल्यावर तो २ किलो भरेल, नाहीतर साडेतीन. तेव्हा दोनच गोष्टी बघायच्या: काटा काय सांगतो आणि हाताला काय लागतं.

काटा: स्वयंपाकघरातला ५ किंवा १० किलोचा डिजिटल काटा चालतो. खोल बुट्टी घ्या, तळाला पोत्याचा तुकडा टाका म्हणजे पाय घसरत नाहीत. बुट्टी ठेवून काटा शून्यावर आणा, मग ससा ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी गोळ्या (सशाच्या तयार कोरड्या खाद्याच्या, पोत्यात मिळतात त्या) घालायच्या आधी. सशाचं पोट आणि आंधळं आतडं (लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरची पिशवी) कधीच रिकामं नसतं, त्यामुळे २ किलोच्या सशातही दिवसभरात ५०-१०० ग्रॅमची चढउतार होते. रोज तोलणाऱ्याला ती चढउतारच दिसते, वजन दिसत नाही. स्वतः सशाला घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहायचं आणि वजाबाकी करायची हा उद्योग करू नका. ज्या १०० ग्रॅमचा प्रश्न आहे तेवढी त्या काट्याची चूकच असते.

हात: ससा जमिनीवर, पोत्यावर बसलेला असू दे. उताणा करू नका. बोटं सपाट ठेवून खांद्यामागच्या बरगड्यांवरून, मग पाठीच्या कण्यावरून, मग कमरेच्या हाडांवरून फिरवा. तुलनेला स्वतःचाच हात वापरा. मूठ आवळून गाठींवरून बोट फिरवलं की जसं टोचतं तसा कणा लागला तर ससा वाळलाय. हात उघडा ठेवून त्याच हाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा: हाडं कळतात पण टोचत नाहीत, हे बरोबर वजन. तळहातावर दाबून बघितल्यावर जसं आत कुठंतरी हाड लागतं तसं असेल तर चरबी चढली. दाबूनही बरगडी मोजता येत नसेल तर स्थूल. ढोबळ मानानं, दाबल्यावर बरगडी लागते म्हणजे योग्य वजनापेक्षा १० ते १५ टक्के जास्त. दाबूनही लागत नाही म्हणजे त्याच्याही वर.

१ किलोच्या सशात १०० ग्रॅम म्हणजे ६० किलोच्या माणसात ६ किलो. 'थोडंसं जास्त आहे' म्हणताना हे लक्षात असू द्या.


चिकोडी_नाका
मादी, वय ३ वर्षं, वजन २८०० ग्रॅम. बरगड्या दाबल्यावर लागतात. नसबंदी झालेली. रोजचं खाणं: गोळ्या दोन मुठी (तोलल्या, १०० ग्रॅम भरल्या), चिरमुरे एक मूठ (१० ग्रॅम), एक गाजर (७० ग्रॅम), मेथी थोडी, वाळकं गवत समोर असतं पण फारसं खात नाही. नेमकं किती कमी करायचं आणि किती दिवसात?


तराजू_काटा
आकडे तोलून दिलेत, निम्मं काम झालं. हिशेब मांडतो.

दाबल्यावर बरगडी लागते, तर १२-१५ टक्के जास्त धरू. २८०० ला १.१४ ने भागा, २४५० च्या जवळपास येतं. हे पहिलं लक्ष्य. तिथं पोचल्यावर परत हात फिरवून ठरवायचं, आकड्याला चिकटून बसायचं नाही.

घरात राहणाऱ्या पूर्ण वाढलेल्या सशाची दिवसाची गरज काढायचं ढोबळ सूत्र असं: किलोतल्या वजनाचा ०.७५ घात, गुणिले १००. मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर वर्गमूळ काढा, त्या उत्तराचं परत वर्गमूळ काढा, आणि दोन्ही उत्तरांचा गुणाकार करा. २.४५ साठी १.९६ येतं, म्हणजे साधारण १९५ किलोकॅलरी.

आता ती काय खाते बघा. गोळ्यांच्या एका ग्रॅममध्ये २.४ च्या आसपास धरा, १०० ग्रॅमचे २४०. चिरमुऱ्याचे ४०. गाजराचे २८. झाले ३०८. गवताची एक काडी तोंडात जायच्या आधीच गरजेच्या दीडपट खाणं झालेलं आहे. मग ती गवत कशाला खाईल? 'आमचा ससा गवत खात नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा गोळ्यांच्या वाटीत सापडतं.

उतरवायचा वेग आठवड्याला वजनाच्या १ टक्का, फार तर दीड. म्हणजे २५ ते ४० ग्रॅम. ३५० ग्रॅम उतरायला तीन महिने धरून चला.

कपात अशी: चिरमुरे पहिल्याच दिवशी बंद. गाजर आठवड्यातून दोनदा, अंगठ्याएवढा तुकडा. गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत. १०० वरून ८०, मग ६५, ५०, ४०, ३०, प्रत्येक पायरीवर निदान एक आठवडा. वजन योग्य झाल्यावर गोळ्या दर किलोमागे २० ग्रॅम, म्हणजे ५० पर्यंत न्यायला हरकत नाही. त्याच्यावर कधीच नाही. गवत मात्र चोवीस तास, संपेल इतकं कमी कधी ठेवायचं नाही.

नसबंदीनंतर गरज घटते आणि वाटी तेवढीच राहते, हे या वयाच्या माद्यांत नेहमीचं. म्हणून नसबंदी टाळायची असं नव्हे. ४ वर्षांवरच्या नसबंदी न झालेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो.


भाकरतुकडा
चिरमुऱ्याचं सांगितलंत ते बरं झालं. त्यात भाकरीचंही घाला. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे २१० किलोकॅलरी. २.५ किलोच्या सशाच्या अख्ख्या दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त. 'नुसती चतकोर घालतो' म्हणणारे एक चतुर्थांश दिवस घालत असतात. चपाती, टोस्ट, बिस्किट तसंच. आणि कुंदा सशाला चाटवणारी घरं आपल्या बेळगावात आहेत, हे लिहायलाही लाज वाटते.

प्रश्न फक्त चरबीचा नाही. पिठूळ माल पूर्ण न पचता आंधळ्या आतड्यात पोचला की तिथले चांगले जिवाणू मागे पडतात आणि भलतेच माजतात. मग रात्रीची मऊ लेंडी, जी ससा बुडापाशी तोंड नेऊन परत खातो, ती पातळ आणि चिकट होते. त्यात जाड ससा वाकू शकत नाही. लेंडी केसांत अडकते, माशी बसते, अळ्या पडतात. पावसाळ्यात हे एका दिवसात होतं.


उपास_नको_का
मग गोळ्या सरळ बंद का करू नयेत? गवतावर ठेवला की आपोआप बारीक होईल. रानातला जगतोच की.


जनावर_दवा
हीच चूक सगळ्यात महागात पडते. जाड सशाचं खाणं एकदम तुटलं की अंगातली चरबी सुटून यकृतात जमते, यकृत काम सोडतं, आणि त्यामुळे ससा आणखी खायचा थांबतो. दुसरीकडे आतड्याची हालचाल तंतूंवर चालते. पोटात तंतू जायचे थांबले की आतडं थांबतं, वायू धरतो. सशाला उलटी होत नाही. १०-१२ तास काहीही खाल्लं नाही आणि लेंडी पडली नाही तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही, तातडीनं दवाखाना. 'एक दिवस लंघन' हा माणसांचा उपाय सशावर करू नका.

गवत भरपूर खाणारा आणि रोज चार-पाच तऱ्हेचा पाला मिळणारा ससा गोळ्यांशिवाय ठीक राहतो, यात वाद नाही. पण तिथपर्यंत पायरीपायरीनं जायचं, आणि प्रत्येक पायरीवर लेंड्या बघायच्या. निरोगी ससा दिवसाला २०० ते ३०० लेंड्या टाकतो. गोल, एकसारख्या, कोरड्या, चिमटीत दाबल्या तर भुसा निघावा अशा. त्या बारीक, काळ्या, कमी व्हायला लागल्या तर वजन कितीही छान उतरत असू दे, एक पायरी मागे जा.

रानातल्या सशाचं उदाहरण इथं लागू नाही. आपल्या माळावरचा ससा वेगळाच प्राणी, बिळात न राहणारा. घरातला ससा युरोपातल्या बिळातल्या सशाचा वंशज. शिवाय रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, पिल्लू सापडलं तरी घरी आणू नये.


गंजीवाला
आता गवत. टिमोथी हे थंड मुलखातलं गवत, आपल्याकडे पाकिटातनं येतं आणि भाव सोन्याचा. नसलं तर काही अडत नाही. आपल्या भागात जे मिळतं त्याबद्दल:

मारवेल आणि पवना. खानापूर, चंदगड बाजूच्या माळावरचं हे वाळकं गवत सशाला उत्तम. फुलोऱ्यावर आलेलं असतानाच कापलेलं घ्या. पिवळं पडून दाणे गळल्यावर कापलेलं नुसती काडी असते, ससा उधळून टाकतो. चांगल्या गवताची खूण: हिरवट झाक, गोडसर वास, झटकल्यावर धूळ नाही.

कुसळी. माळावर हीच जास्त, आणि विकणारा सगळं एकत्र बांधतो. फुलायच्या आधी कापली तर ठीक, पण कुसळं धरली की हिरड्यांत, जिभेखाली, डोळ्यांत घुसतात. भारा आणला की उन्हात पसरून कुसळाचा झुबका दिसेल ती काडी काढा. कंटाळा येत असेल तर तो भारा म्हशीवाल्याला द्या.

हत्तीगवत. कोवळं, गुडघाभर असताना कापलेलं, वीतवीतभर तुकडे करून. जून दांडा नको. पातीची कड धारदार असते, म्हणून थोडं सुकवून घाला. हरळी फार चांगली, पण रस्त्याकडेची नको.

कडबा. ज्वारीचा वाळलेला कडबा चघळायला चांगला, दात झिजतात. हिरवं, कोवळं कडवळ मात्र नको. पाणी तुटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं, जनावरांना 'किराळ लागते' म्हणतात ते हेच. सशाचा जीव केवढा!

उसाचं वाडं. अथणी, रायबाग, चिकोडीत फुकट मिळतं म्हणून घालतात. पातीचा तुकडा कधीतरी चालेल, पण मधल्या कोंबात साखर असते आणि ससा नेमका तोच शोधून खातो. वजन उतरवायच्या काळात वाडं बंद.

लसूण घास. नावात लसूण असला तरी लसणाशी नातं नाही (खरा कांदा-लसूण सशाला विषारी). प्रथिनं १७-२० टक्के, चुना (म्हणजे कॅल्शियम) गवताच्या दोन-तीन पट. ६ महिन्यांच्या आतल्या पिल्लाला आणि गाभण, दूध पाजणाऱ्या मादीला योग्य. मोठ्या सशाला रोज घातला तर वजन तर वाढतंच, शिवाय सशाचं शरीर खाण्यातला चुना जवळजवळ सगळा शोषतं आणि जास्तीचा लघवीतून टाकतं. मग लघवी चुनखडीसारखी दाट होते, मूत्राशयात गाळ बसतो. शेवग्याचा पाला आणि तुतीचा पाला याच वर्गात धरा: चिमूटभर औषधासारखा, पोटभर नाही. सुबाभूळ तर अजून कमी, त्यातल्या द्रव्यानं केस गळतात.


भातवाली_ताई
भाताचं पिंजर का नाही लिहिलंत? आमच्या पट्ट्यात घरोघरी तेच असतं. तंतूच पाहिजेत ना?


गंजीवाला
ताई, मुद्दामच मागे ठेवलं होतं. पिंजरात तंतू आहेत, पण प्रथिनं ३-४ टक्केच, आणि वाळूसारखा सिलिकाचा अंश जास्त. नुसत्या पिंजरावर ससा ठेवला तर चरबीबरोबर मांसही जातं, कणा टोचायला लागतो आणि मालकाला वाटतं डाएट फळलं. अंथरायला पिंजर एक नंबर. त्यातलं चार काड्या खाल्लं तर काही बिघडत नाही. मळणीनंतर ओलं राहिलेलं, काळपट डाग पडलेलं असेल तर अंथरायलाही घेऊ नका.


जनावर_दवा
+१. थोडी दुरुस्ती: ज्याचा ससा गवताला तोंडच लावत नाही, त्याच्यासाठी अंथरलेलं पिंजर ही पहिली पायरी होऊ शकते. अंथरुणात मारवेलीच्या काड्या मिसळायच्या. ससा शौचाच्या जागी बसून खातो, म्हणून गवताचा झुबका शौचाच्या ट्रेच्या अगदी काठावर, तोंडापाशी बांधायचा. गोळ्या वाटीत न घालता त्याच झुबक्यात उडवायच्या. शोधताना गवत तोंडात जातं.


हिरवी_पेंडी
पाल्याचं प्रमाण: दर किलो वजनाला ५० ग्रॅमच्या आसपास, दोन वेळांत वाटून. २.५ किलोच्या सशाला १२०-१२५ ग्रॅम. बाजारातली मेथीची एक पेंडी दोन दिवस जाते, आणि नुसती मेथी नको, तीन तरी तऱ्हा एकत्र.

रोज चालणारं: कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पानं (भाजीवाला तशीच टाकतो, मागून घ्या), नवलकोलाचा पाला, गाजराचा पाला, पुदिना.
आठवड्यातून दोनदा: पालक, माठ, राजगिरा. यांत ऑक्झॅलेट जास्त. कोबीनं काहींना वायू धरतो, एका पानापासून सुरुवात.

रताळ्याचा वेल आपल्या बेळगाव तालुक्यात हंगामात गाडीनं मिळतो. पानं ससा आवडीनं खातो, थोडी घालायला हरकत नाही. रताळं नको, तो निव्वळ पिठूळ माल. बटाट्याचा पाला आणि टोमॅटोचा पाला मात्र विषारी, वेल-पाला एकाच शेतातनं आणताना गल्लत होते.

फळ: दोन किलोच्या सशाला दिवसाला एक-दोन चहाचे चमचे, ती वरची मर्यादा. उतरवायच्या काळात शून्य. केळ्याचा १० ग्रॅमचा काप म्हणजे ९ किलोकॅलरी, औषधाची गोळी भरवायला तेवढा ठेवा राखून.

नवीन पाला एका वेळी एकच, चार पानं, दोन दिवस लेंडी बघायची, मग वाढवायचा.


निपाणी_पट्टा
निपाणी, संकेश्वर बाजूच्यांसाठी एक वेगळी सूचना. तंबाखूच्या शेताच्या बांधावरचं गवत घेऊ नका. औषधं फवारलेली असतात, आणि तंबाखूचं एखादं पान भाऱ्यात आलं तर निकोटीन सशाच्या जिवावर बेततं. जिथं तंबाखू वाळवतात, मळतात तिथल्या धुळीत गवत वाळत घालायचं नाही. ज्या पोत्यात तंबाखू होती त्यात गवत भरायचं नाही, धुतलं तरी नाही.

दुसरं गाजरगवत, काँग्रेस म्हणतो ते. कोवळं असताना गाजराच्या पाल्यासारखंच दिसतं. चुरगाळून वास घ्या. गाजराचा वास आला नाही तर टाका. घाणेरी, कण्हेर, रुई हे तर सगळ्यांना माहीत हायच.


नारु_नव्हे
गोळ्यांच्या पोत्यावरचे आकडे कुणी वाचत नाही. कच्चा तंतू १८ टक्क्यांवर पाहिजे, २० च्या वर असला तर उत्तम. प्रथिनं १२ ते १६. स्निग्ध २-३. चुना ०.५ ते १. काही पोत्यांवर मजकूर कन्नडात असतो, तिथं 'नारु' दिसलं तर घाबरू नका, कन्नडात नारु म्हणजे तंतू. आपला नारू तो रोग वेगळा. 'मेवु' म्हणजे वैरण.

रंगीत तुकडे, मका, सूर्यफुलाच्या बिया घातलेलं मिश्रण घेऊ नका. ससा बिया निवडून खातो आणि तंतूवाली गोळी मागे ठेवतो, पोत्यावरचा आकडा त्याच्या पोटात जातच नाही. कोंबडीचं खाद्य तर हातही लावू नका. त्यात कोंबड्यांच्या रोगावरची काही औषधं मिसळलेली असतात, ती सशाला विषारी. गाई-म्हशींच्या गोळी पेंडेत युरिया असू शकतो.


लोंबती_हनुवटी
गळ्याखाली पिशवीसारखं लोंबतंय ती चरबीच ना? त्यावरून जाड ठरवायचं का?


जनावर_दवा
मोठ्या चणीच्या मादीत गळ्याखालची घडी निसर्गतःच असते. ती एकटी बघून ठरवू नका. घडी इतकी मोठी की तोंड खाली नेताना मधे येते, पाणी पिताना भिजून खाली कातडी लाल होते, खांद्यांवर आणि जांघेत गाद्या तयार झाल्यात, मग चरबी. नराला मोठी घडी दिसली तर बहुधा चरबीच.

पोट एकाएकी मोठं झालं आणि कणा मात्र टोचतो, तर ते वजन वाढणं नव्हे. वायू, गाठ, नाहीतर मादी असेल तर गाभण. गर्भकाळ ३०-३२ दिवसांचा. एकत्र ठेवलेल्या 'दोन माद्यां'तली एक नर निघणं नवीन नाही. गाभण मादीला वजन उतरवायचं खाणं लावू नका.


काडीपैलवान
सगळे जाडीवर बोलताहेत, उतरत्या वजनावर मी लिहितो. योग्य वजनाच्या सशाचं १० टक्के वजन न उतरवता उतरलं तर काहीतरी आजार आहे असंच धरा.

पहिला संशय दातांवर. सशाला २८ दात, सगळे जन्मभर वाढतात. पुढचे आठवड्याला २-३ मिलिमीटर वाढतात, पण पुढचे दिसतात म्हणून सगळे तेच बघतात. गडबड दाढांत असते: कड वाढून टोकं जिभेला, गालाला टोचतात. क्रम लक्षात ठेवा. आधी वाळकं गवत सुटतं, मग जाड देठ, मग गोळ्या. मऊ पाला आणि केळं शेवटपर्यंत खातो. हनुवटी ओली राहते, पुढच्या पंजांचे केस लाळेनं चिकटतात, एका डोळ्यातून पाणी येतं. मालक म्हणतो भूक तर आहे. भूक असतेच, चावता येत नाही. दाढा भूल देऊन घासून घ्याव्या लागतात. नेलकटरनं पुढचे दात तोडले तर उभे चिरतात, ते कुणी करू नये.

दात ठीक, खातोही बरा, तरी उतरतोय तर लेंडीची तपासणी करून घ्या. पिल्लांत कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), म्हाताऱ्यात मूत्रपिंडाचा आजार. ताकद भरायला चिरमुरे, शेंगदाणे नको. चांगलं गवत, गोळ्या दर किलोला २५ ग्रॅमपर्यंत, आणि थोडा लसूण घास, वजन भरेपर्यंतच.

एकाच खोक्यात एक जाड आणि एक वाळका असेल तर प्रश्न खाण्याचा कमी, दादागिरीचा जास्त. गोळ्या तोलून वेगवेगळ्या कोपऱ्यात, खाऊन होईस्तोवर मधे फळी.


मोल_ನವ್ಹೆ_ससा
(नाव टाइप करताना कीबोर्ड कन्नडात गेला, असू दे.) सरकारी जनावरांच्या दवाखान्यात सांगताना उपयोगी: कन्नडात सशाला 'मोल' म्हणतात. वजनाची वही बरोबर न्या, 'खात नाही' यापेक्षा 'तीन आठवड्यांत १८० ग्रॅम उतरलं' या वाक्यावर डॉक्टर लगेच बसून ऐकतात. आणि तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटातलं औषध सशाला देऊ नये, आतड्यातले जिवाणू बिघडून ससा जातो. कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या यादीत ते असतं, म्हणून ससा आहे हे दोनदा सांगा, विचारून घ्या.


खानापूर_पाऊस
पावसाळ्याचं कुणीच लिहिलं नाही, आणि आमच्याकडे चार महिने तेच असतं.

जूनमध्ये कोवळं गवत आलं की लोक वाळक्याची सुट्टी करतात. कोवळ्यात पाणी आणि साखर जास्त, तंतू कमी. एकदम बदललं तर लेंडी पातळ होते. ८-१० दिवस घेऊन वाढवा, आणि वाळकं गवत पूर्ण पावसाळाभर चालूच ठेवा. त्यासाठी साठा ऑक्टोबर-नोव्हेंबरातच करायचा: फुलोऱ्यातलं गवत कापून गच्चीवर पातळ पसरायचं, दिवसातून दोनदा उलटायचं, तीन-चार कडक उन्हं द्यायची. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली की झालं. तागाच्या पोत्यात, फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं की आत घाम सुटून बुरशी धरते. हात आत खुपसून गरम लागलं किंवा कुबट वास आला तर पोतं अख्खं बाद, वरचं वरचं काढून वापरायचं नाही.

ओलं कापलेलं गवत ढीग करून ठेवू नका, दोन-तीन तासांत आतून तापतं. धुऊन पंख्याखाली पसरा. जाड सशाची शेपटीखालची जागा जून ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ बघायची, ओली असेल तर पुसून कोरडी करायची.


तराजू_काटा
उन्हाळ्याची जोड देतो. ससा घामावाटे उष्णता टाकत नाही, कानांवाटे टाकतो. ३० अंशांच्या वर त्याला त्रास सुरू, आणि चरबीचं पांघरूण असलेल्याला आधी. बेळगाव शहर साडेसातशे मीटर उंचीवर असल्यानं रात्री तरी सुटका होते. अथणी, रायबागला ती नाही. एप्रिल-मेमध्ये खाणं आपोआप घटतं आणि काटा खाली येतो. ते यश म्हणून वहीत लिहू नका. त्या दोन महिन्यांत गोळ्यांची पुढची पायरी घेऊच नका. पाणी वाटीतनं द्या, नळीच्या बाटलीपेक्षा जास्त पितो. दर किलोला ५० ते १०० मिली धरा, उन्हात त्याहून जास्त.

हालचाल पहाटे आणि सांजेला द्या, ससा तेव्हाच जागा असतो. रोज तीन-चार तास मोकळा. फरशीवर तो घसरतो म्हणून एका जागी बसतो आणि आपण म्हणतो आळशी आहे. पोती किंवा सतरंजीची वाट अंथरा, मग बघा. जाळीच्या तळाचा पिंजरा जाड सशाला सगळ्यात वाईट, सगळा भार टाचांवर येऊन कातडी सोलते. पुठ्ठ्याची खोकी दोन बाजूंनी दारं कापून ठेवा, गोळ्या दहा जागी विखरा.


चिकोडी_नाका
चार आठवडे झाले. सुरुवात २८००. मग २७९०, २७४५, २७७५, २७०५. गोळ्या ८०, ६५, ५०, आता ४० वर. चिरमुरे बंद. तिसऱ्या आठवड्यात ३० ग्रॅम वाढले ते का? त्या दिवशी सकाळी जमलं नाही, संध्याकाळी पाला खाल्ल्यावर तोललं.


तराजू_काटा
उत्तर तुम्हीच दिलंत. तो आकडा वहीत ठेवा, पण शेजारी 'संध्याकाळ' लिहा. चार आठवड्यांत ९५ ग्रॅम, आठवड्याला सरासरी २४, म्हणजे १ टक्क्याच्या किंचित खाली. हात लावायची गरज नाही. लेंड्या किती आणि केवढ्या?


चिकोडी_नाका
आधीपेक्षा मोठ्या आणि फिकट. गवत खायला लागलीय, दिवसाला ७० ग्रॅम संपतं. बरगड्या आता थोड्या दाबानं कळतात.


गंजीवाला
७० म्हणजे अजून जागा हाय. २.५ किलोची मादी १०० ग्रॅम सहज खाते. सकाळी एकदाच न टाकता तीनदा ताजं टाका, तोंड लावलेलं, ओलं झालेलं ससा परत खात नाही.


तराजू_काटा
बरोबर. गोळ्या पुढचे दोन आठवडे ४० वरच राहू द्या, ३० ची पायरी गवत ९० च्या वर गेल्यावर. आणि रविवारी सकाळीच तोला.